गेर्डाबाईंची त्रेसष्ट नावं

बर्मिंगहॅम
गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५

मोहनशेठ,

सप्रेम नमस्कार. तुझ्या डोळ्यांनी पार संप पुकारलाय, हे परीक्षितकडून कळलं. म्हणजे हे पत्र तुला सूनबाई वाचून दाखवणार. तेव्हा वरदा, बेटा, काका जिथे वाह्यात लिहितील तिथे खुशाल गाळ. मी कागदावर लिहितो, आमची लेक पूर्वी फोटो काढते आणि तुझ्या फोनवर पाठवते, अशी आमची टपालव्यवस्था आहे. तुझ्याशी फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि इथे ओरडलं की शेजारी खिडकीत येतात.

काल पूर्वीकडे गणपती बसला. मूर्ती लेस्टरहून आणली. जावईबापू अवधूतरावांनी बँकेतून सुट्टी काढून सोवळं नेसलं, मोदक मात्र फ्रीझरमधून निघाले. नातीने, सान्वीने, मला विचारलं, "आजोबा, गणपतीचा उंदीर कुठे गेला?" मी म्हटलं, गेला असेल कचऱ्यात. हसू नकोस, इथे खरोखरच कचरागाडीवाल्यांचा संप मार्चपासून चालू आहे आणि गल्लीगल्लीत काळ्या पिशव्यांचे ढीग आहेत.

तुझ्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण मिळालं. ५ ऑक्टोबर, रविवार. मी २९ सप्टेंबरला परत निघतोय, तेव्हा हजर आहे. परीक्षितने स्मरणिकेसाठी माझ्याकडून एक पान मागितलंय. त्याच्या मेसेजमध्ये विषयही दिलाय: 'बाबांच्या पडत्या काळात पाठीशी उभे राहिलेले मित्र'. बसतो लिहायला. रोज बसतो. तोवर तुला एका बाईची गोष्ट सांगतो, तुला आवडेल.

आमच्या गल्लीत चार घरं सोडून गेर्डा होल्टकांप म्हणून एक जर्मन बाई राहते. वय सत्त्याऐंशी. मुलीने इंग्रज नवरा केला, म्हणून स्वतःचा नवरा वारल्यावर ही इकडे आली. ब्रेक्झिटच्या आधी आली म्हणून राहू शकली. तिकडे धातूकामगारांच्या युनियनची मोठी पुढारी होती, मग सोशल डेमोक्रॅट पक्षाकडून दहा वर्षं तिच्या राज्याच्या विधिमंडळात. हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा दिसली ती बसस्टॉपवर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात हा एवढा थोरला थर्मास. मी म्हटलं, मॅडम, मी धरतो. तिने थर्मास माझ्या हातात दिला आणि धन्यवाद वगैरे काही न म्हणता ११ नंबरमध्ये चढली. मीही चढलो, थर्मास माझ्याकडे होता ना!

उतरलो तर समोर संपवाल्यांचं ठाणं. पिवळी जाकिटं, फलक, पत्र्याच्या पिंपात शेकोटी. बाईने पंधरा-वीस जणांशी एकेकाचं नाव घेऊन हात मिळवला आणि मगच कॉफी ओतली. एकालाही वगळलं नाही. तिच्याकडे जर्मनीत, कारखान्यात पाळी सुरू होताना प्रत्येकाशी हात मिळवायची रीत आहे म्हणे. साहेब असो नाहीतर झाडूवाली.

मी रस्त्याच्या पलीकडेच थांबलो होतो. पूर्वीने ताकीद दिलेली: "बाबा, प्लीज, तुम्ही व्हिजिटर व्हिजावर आहात, पिकेटवर वगैरे जाऊन नसते उद्योग करू नका." बाईने तिथून ओरडून विचारलं, तू तिकडे काय करतोयस? मी म्हटलं, व्हिजा. तर म्हणाली, "मग तिथून हात वर कर!" केला बाबा. किती वर्षांनी केला असेल.

येताना बसमध्ये तिने माझा डावा अंगठा धरला, त्यावरचा तो व्रण बघितला आणि म्हणाली, "टूलरूम?" अरे, मी थक्क! आपल्या कारखान्यात लेथवर मिळालेली खूण हिने बरोब्बर ओळखली. हिचं इंग्रजी जर्मन वळणाचं, माझं पिंपरीचं. आम्हाला एकमेकांचं समजतं, पूर्वीला दोघांचंही समजत नाही.

चौदाव्या वर्षी ही पोर स्क्रूच्या कारखान्यात लागली. बायकांच्या कामाला तेव्हा कागदोपत्री 'हलकं काम' म्हणत आणि त्यामुळे पगाराची पायरीही खालची. एकोणिसाव्या वर्षी ती भरलेली स्क्रूची पेटी घेऊन तीन मजले चढून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली आणि त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, हे हलकं काम जरा खाली नेऊन ठेवता का?" साहेबाने उचलायला घेतली, अर्ध्या जिन्यात कंबर धरून बसला. दुसऱ्या दिवशी हिला कामावरून काढलं आणि तिसऱ्या दिवशी दोनशे बायका दारात बसल्या. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आपल्या वेळी अशी एक जण असायला हवी होती, मोहन.

लीलावहिनींना नमस्कार. त्यांच्या पाठीला आराम पडला का ते कळव.

तुझा,
कमलाकर


बर्मिंगहॅम
गुरुवार, ११ सप्टेंबर

प्रिय मोहन,

वरदाने पाठवलेला तुझा आवाज ऐकला. तीनदा ऐकला. "त्या बाईला माझा लाल सलाम सांग, आणि माझं पान कुठाय रे लेका?" पान होतंय. घाई करू नकोस. आणि पुढे तू मला जे म्हणालास, "माझ्यासाठी साहेबांशी भांडणारा तू एकटाच होतास, आणि ही बाई तुझ्याच जातकुळीतली दिसतेय", ते तू म्हणायला नको होतंस. सूनबाईंसमोर उगाच कशाला मला चढवतोस.

सलाम पोचवला. बाई म्हणाल्या, "मोहनला सांग, हात मिळवायचा राहिलाय." (एव्हाना मी तिला बाई म्हणायला लागलोय. सान्वी गेर्डा आजी म्हणते.) आता मी रोज अकरा वाजता तिच्याकडे जातो. ती बटाटे सोलते, मी ऐकतो. बटाटे इतके पातळ सोलते की साल उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं. लढाईनंतरच्या उपासमारीत लागलेली सवय आहे, म्हणते.

किती काय केलंय या बाईने! दिवसा कारखाना, संध्याकाळी कामगारांच्या शाळेत कायदा शिकली. पोर पोटाशी बांधून सभा घेतल्या. आठवड्याला पस्तीस तास व्हावेत म्हणून सात आठवडे संप चालला, तेव्हा संपवाल्यांच्या घरी जाऊन चुली पेटल्यात की नाही ते बघायची. विधिमंडळात निवडून गेली तेव्हा सरकारी गाडी आली, तर हिने ड्रायव्हरला घरी पाठवलं आणि ट्राममध्ये बसली. लोक ट्राममध्येच तक्रारी सांगायचे. एक म्हातारा म्हणे रोज दोन स्टॉप उगीच पुढे जायचा, गाऱ्हाणं पुरं व्हावं म्हणून. ती हे सगळं सांगताना जराही बढाई मारत नाही. उलट मीच मध्येमध्ये "वा! वा!" करतो आणि ती मला सुरीने गप्प बसवते.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच आहे.

पुढे ती एका पोलाद कारखान्यात होती, आणि त्र्याऐंशी साली तिथली एक भट्टी बंद होणार होती. सहा महिने भांडून हिने चारशे माणसांची कपात त्रेसष्टवर आणली. त्रेसष्ट जण जाणार, बाकीचा कारखाना वाचणार. कामगारांच्या वतीने सही हिची. त्यांच्याकडे अशा वेळी नियम असतो: नोकरी किती झाली, वय काय, पदरात पोरं किती, हे बघून यादी करायची. यादी झाली. बाहेर फळ्यावर लावायला हेडक्लार्क निघाला, तर बाईने त्याच्या हातातून ती काढून घेतली. म्हणाली, माणूस काय टाइमटेबल आहे का, फळ्यावर लावायला?

मग ती कँटीनमध्ये जाऊन बसली. एकेकाला नावाने बोलावलं. समोर बसवलं, हात मिळवला आणि सांगितलं, "तुझं नाव यादीत आहे. सही माझी आहे." मान खाली घालायची नाही, 'वरून आलं' म्हणायचं नाही, त्याचं बोलून होईपर्यंत उठायचं नाही. सकाळी सहाला बसली ती संध्याकाळी सातला उठली. एक जण अंगावर थुंकला. एकाने टेबल उलथलं. एक नुसता रडला आणि जाताना हिची खुर्ची नीट लावून गेला.

शेवटचं, त्रेसष्टावं नाव तिच्या धाकट्या भावाचं होतं. कार्लचं. अविवाहित, नोकरी सगळ्यात कमी, नियमाने तोच जाणार. हेडक्लार्क आदल्या दिवशी तिला हळूच म्हणाला होता, एक नाव इकडचं तिकडे केलं तर कोण बघतंय? हिने केलं नाही. कार्ल समोर बसला, तिने हात पुढे केला, त्याने तो घेतला नाही. बारा वर्षं बोलला नाही तिच्याशी. आईच्या मातीलासुद्धा पलीकडे उभा राहिला.

मी विचारलं, पश्चात्ताप होतो का? म्हणाली, "रडू येतं. पश्चात्ताप नाही." मग सुरी खाली ठेवून मला विचारलं, "तूही युनियनचा सेक्रेटरी होतास. तुझ्या यादीचं तू काय केलंस?"

तेवढ्यात सान्वी सायकलवरून पडली आणि ओरडत आली, त्यामुळे बोलणं राहिलं. गुडघा फुटलाय, काळजीचं काही नाही.

इथे थंडी सुरू झाली. पूर्वीने मला तिचा जुना पफर कोट घालायला दिलाय, त्यात मी फुगलेल्या पुरीसारखा दिसतो.

तुझा,
कमलाकर

ता. क. परीक्षितला सांग, स्मरणिका छापायला द्यायची असेल तर माझ्या पानासाठी थांबू नका. मी ते देणार नाही.


बर्मिंगहॅम
रविवार, २१ सप्टेंबर

मोहन,

हे पत्र पूर्वीला फोटो काढायला दिलेलं नाही. का ते पुढे कळेल.

आधी मागच्या पत्रातली एक थाप दुरुस्त करतो. सान्वी सायकलवरून पडली ती दुसऱ्या दिवशी. बाईंनी यादीचं विचारलं तेव्हा खोलीत कोणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "वाचली की. मीही एकेकाला वाचून दाखवली." सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईशी, तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिचे बटाटे खात मी खोटं बोललो. ती "गुट" म्हणाली आणि माझ्याशी हात मिळवला. तो हात घेऊन मी घरी आलो आणि तीन दिवस तिच्याकडे फिरकलो नाही. पूर्वीला वाटलं मला सर्दी झालीय.

चौथ्या दिवशी गेलो आणि सगळं सांगितलं. आता तुला सांगतो.

शहाऐंशी साल. खंडेनवमीला तू तुझ्या लेथला झेंडूचा हार घातलास, सगळ्या टूलरूमला पेढे वाटलेस. तिसऱ्या दिवशी फळ्यावर अकरा नावांची यादी लागली. पहिलं नाव कुदळेचं, दुसरं फ्रान्सिसचं, सातवं तुझं. शेवटी आला तो आधी जाणार, हा नियम मीच भांडून मान्य करून घेतला होता. त्या नियमाने सातवं नाव तुझं नव्हतं. ते जयंतचं होतं. माझ्या मेहुण्याचं. तू फेब्रुवारीत लागलास, तो त्याच वर्षी जूनमध्ये. कच्च्या यादीवर त्याचंच नाव होतं, आणि ती यादी युनियनच्या सहीसाठी रात्रभर माझ्या घरी होती.

कोणी मागितलं नव्हतं, मोहन. माझ्या बायकोने तोंडातून शब्द काढला नव्हता, जयंतला तर पत्ताच नव्हता. त्याचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, एवढंच. मी सकाळी पर्सोनेलमध्ये जाऊन सांगितलं की मोहनचे पहिले सहा महिने ट्रेनिंगचे आहेत, ते नोकरीत धरता येत नाहीत. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं, ते धरले जातात. तो म्हणाला, "युनियनचं असं म्हणणं असेल तर आमची हरकत नाही." त्याने जयंतचं नाव खोडलं, तुझं लिहिलं. मी सही केली. माझ्याच पेनने केली.

यादी लागली त्या दिवशी मला ताप नव्हता. तापाचं निमित्त सांगून मी घरात पांघरूण घेऊन पडलो होतो. संध्याकाळी तूच मला बघायला आलास, तुझी नोकरी गेली त्या दिवशी, मोसंबी घेऊन! मी म्हटलं, "खूप भांडलो रे, पण साहेब ऐकेना." आणि तू माझे पाय चेपलेस.

त्यानंतरचं तुला मी काय सांगणार. दोन वर्षं तू दुसऱ्याच्या शेडमध्ये मशीन चालवलंस. लीलावहिनींनी पंधरा वर्षं डबे केले, त्यांची पाठ तिथेच गेली. पुढे तुझं वर्कशॉप उभं राहिलं, चाळीस पोरांच्या हाताला तू काम शिकवलंस, लोक तुझा सत्कार करतायत, हे सगळं तुझं आहे. ते बघून मी स्वतःला समजावत आलो, की बघ, त्याचं भलंच झालं. हेही मी बाईंना सांगितलं. त्या इतक्या संतापल्या की काठी आपटली. "त्याच्या मेहनतीवर तू तुझी सही धुतोस?" म्हणाल्या.

मी रडलो. म्हटलं, आता काय करू ते सांगा. मला वाटलं होतं, बाई एवढ्या थोर, काहीतरी दिलासा देतील, पाठीवर हात ठेवतील. बाई म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? मी यादीत नव्हते."

मी म्हटलं, मी त्याला पत्र लिहितो. तर म्हणाल्या, "त्याला दिसत नाही ना? मग कोण वाचणार?" मी म्हटलं, सूनबाई. त्यावर त्यांनी सुरी उचलली आणि पुढचा बटाटा सोलायला घेतला. मग मलाच कळलं. पोरीच्या तोंडून तुला हे ऐकवायचं आणि मी चार हजार मैलांवर पांघरुणात, म्हणजे पुन्हा फळ्यावरच यादी लावली की मी.

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. बरोबर घेऊन येतोय. ३० तारखेला मुंबईत उतरतो, १ तारखेला तुझ्या दारात. त्या दिवशी खंडेनवमी आहे. वर्कशॉपमधली पूजा आटोपली की पोरांना घरी पाठव, वरदा-परीक्षितलाही, आणि लीलावहिनींना मात्र बसवून घे. मी समोर बसून हे सगळं, हे वाक्यसुद्धा, वाचून दाखवीन. तुझं बोलून होईपर्यंत उठणार नाही. तू टेबल उलथ. ५ तारखेच्या समारंभाला येऊ नकोस असं म्हणालास तर नाही येणार. सगळ्यांसमोर सांग म्हणालास तर माईकवर सांगीन. जयंतला मी कालच फोन करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

बाईंना मी निघताना विचारलं, कार्ल पुढे कधी बोलला का? म्हणाल्या, त्या निवडणूक हरल्या त्या दिवशी तो दारात आला. काही न बोलता स्वयंपाकघरात गेला आणि बटाटे सोलायला बसला. मला बरं वाटलं. तर लगेच म्हणाल्या, "पण मी त्याचं नाव नियमाने घातलं होतं, कमलाकर. तू तेवढी आशा धरू नकोस."

नाही धरत. एवढी वर्षं दिवाळीचा पहिला डबा लीलावहिनी माझ्या घरी पाठवतात, चकली वेगळी, अनारसे वेगळे, वर 'कमलाकरभाऊजी' अशी चिठ्ठी. आम्ही उघडून खात आलो. वहिनी, तुम्ही समोर बसलेल्या आहात म्हणून सांगतो, या वर्षी तो डबा कोणाला द्यायचा ते आज ठरवू नका. आधी मोहनला बोलू द्या.

आता कागद खाली ठेवतो. चष्मा काढतो. हात पुढे केलाय, मोहन, तुला दिसत नाही म्हणून सांगतो. घेतला नाहीस तरी चालेल.

तुझ्या नावापुढे सही करणारा,
कमलाकर